पोच, तारीख आणि जावक क्रमांक: चुकीची पॉलिसी गळ्यात पडल्यावर पत्रव्यवहार कसा सांभाळावा

बेदाण्याची पट्टी हातात आली, हळदीचे पैसे खात्यावर जमा झाले किंवा निवृत्तीची रक्कम एकदम पडली की त्या खात्यावर बँकेतल्या कोणाची ना कोणाची नजर जातेच. मुदत ठेव करायला गेलेल्या माणसापुढे मग दुसराच फॉर्म सरकवला जातो, फुल्या मारलेल्या जागी सह्या घेतल्या जातात, आणि वर्षभराने ‘आपला हप्ता देय आहे’ असा संदेश आला की कळते, ही ठेव नव्हतीच, दहा वर्षे दरसाल हप्ते भरायची विमा पॉलिसी होती. तासगाव तालुक्यातल्या माझ्या आत्याच्या बाबतीत हेच झाले. दोन लाख रुपये तिने पाच वर्षांसाठी ‘ठेवले’ होते. प्रत्यक्षात तो दहापैकी पहिला हप्ता होता.

मी स्वतः सांगलीतल्या एका कार्यालयात बावीस वर्षे आवक-जावक टेबलावर काढली. त्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसल्यावर दिसते ते असे की, तक्रारदार खरे बोलतो आहे का, याचा विचार करायला बहुतेकांना सवड नसते. त्यांच्यापुढे कागद येतो, त्यावर तारीख असते किंवा नसते, आणि पुढचे सारे त्यावर ठरते. आत्याचा दावा लढवताना मी कायद्याचे ज्ञान फारसे वापरले नाही, टेबलावरची सवय वापरली. पहिल्यांदाच अशी तक्रार करणाऱ्याला ती सवय कशी लावून घेता येईल, ते पुढे क्रमाने लिहिले आहे. उदाहरण विमा पॉलिसीचे असले तरी म्युच्युअल फंड किंवा अन्य योजना चुकीची माहिती देऊन विकली गेली असेल, तरी पत्रव्यवहाराची पद्धत हीच राहते.

पहिले पत्र लिहिण्याआधी

राग आलेला असताना माणूस प्रथम शाखेत जाऊन भांडतो. तसे करण्याआधी एक संध्याकाळ घरात घालवावी आणि या व्यवहाराशी संबंधित जे काही सापडेल ते एका जागी जमा करावे. पॉलिसी बाँड (म्हणजे पॉलिसीचा छापील दस्तऐवज), पहिल्या हप्त्याची पावती, पासबुकातली ती नोंद, मोबाईलवर आलेले सर्व संदेश, विक्री करणाऱ्याचे व्हिजिटिंग कार्ड, त्याने दिलेली छापील पत्रके, असे सगळे. यातले काही निरुपयोगी वाटले तरी या टप्प्यावर काहीही टाकू नये, आणि आपल्या विरुद्ध जाणारा कागदही लपवू नये. तुमची सही असलेला फॉर्म कंपनीकडे आहेच. तो तुमच्या फाईलमध्ये नसला तर अडचण तुमचीच होईल.

दोन वस्तूंकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण त्या हमखास केरात जातात. पहिली म्हणजे बाँड ज्यातून आला तो लिफाफा. विमा पॉलिसी न पटल्यास ती परत करण्यासाठी जी मुदत मिळते, जिला सगळे फ्री-लुक म्हणतात, ती विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार ३० दिवसांची आहे, आणि ती पॉलिसीचा दस्तऐवज तुमच्या हाती पडल्यापासून मोजली जाते. पैसे भरल्याच्या किंवा बाँडवर छापलेल्या तारखेपासून ती मोजत नाहीत. दस्तऐवज कधी हाती पडला हे सांगणारा तुमच्याकडचा पुरावा म्हणजे तो लिफाफा, त्यावरचा टपालाचा क्रमांक आणि शिक्का. म्हणून लिफाफा वरून फाडण्याऐवजी एका कडेने कापावा, आत ‘अमुक तारखेला, अमुक वाजता मिळाला, कोणी घेतला’ असे पेनने लिहावे आणि बाँडबरोबर जपून ठेवावा. मुदत अजून बाकी असेल, तर या लेखाचा उरलेला भाग नंतर वाचावा. आधी पॉलिसी परत करत असल्याचा अर्ज कंपनीकडे लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

दुसरी वस्तू म्हणजे हाताने लिहिलेली चिठ्ठी. विक्री करणारा माणूस समजावून सांगताना जवळचा कागद ओढतो आणि त्यावर आकडे मांडतो. आत्याच्या बाबतीत तो कागद म्हणजे बँकेच्या पैसे भरण्याच्या स्लिपची पाठची बाजू होती. त्यावर निळ्या शाईत ‘२ लाख’, त्यापुढे बाण, त्यापुढे ‘५ वर्षे’ आणि खाली दोनदा अधोरेखित केलेला परताव्याचा आकडा, एवढेच होते. हप्ता हा शब्द कुठेही नव्हता. आत्याने तो कागद देवघरातल्या पत्र्याच्या डब्यात, लाईट बिलांच्या घडीत ठेवला होता. संपूर्ण प्रकरणात कंपनीने ज्या कागदाबद्दल स्वतःहून फोन करून विचारले असा हा एकच. अशी चिठ्ठी सापडली तर तिला छिद्र पाडू नये, लॅमिनेशन करू नये आणि त्यावर नव्याने काहीही लिहू नये. ती पारदर्शक पिशवीत घालावी आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत.

याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, घडलेला प्रसंग स्वतःच्या शब्दांत लिहून काढावा: शाखेत कोणत्या दिवशी गेलो, सोबत कोण होते, काय मागितले, काय सांगण्यात आले, सह्या कुठे आणि किती घेतल्या, फॉर्म कोणी भरला. जे आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असेच लिहावे. वर्षभराने सुनावणीत विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही दिलेले उत्तर या टिपणाशी जुळले पाहिजे. आठवणीला नंतर फाटे फुटतात, कागदाला फुटत नाहीत.

वही

आता दोनशे पानी लाँगबुक आणावे आणि लिहायला सुरुवात करण्याआधीच सर्व पानांना क्रमांक घालावेत. हे लाँगबुक म्हणजे तुमचे आवक-जावक रजिस्टर. संगणकावर तक्ता करता येत असेल तर जरूर करावा, पण मी वहीच पसंत करतो: वहीतली नोंद मागे जाऊन बदलली तर खाडाखोड दिसते, आणि म्हणूनच जी वही खाडाखोडीशिवाय, क्रमाने आणि वेगवेगळ्या शाईत लिहिलेली दिसते तिच्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. शिवाय आत्याला तक्ता उघडता येत नव्हता, वही उघडता येत होती.

रकाने फार नकोत. अनुक्रमांक, तारीख आणि वेळ, आवक की जावक, कोणाकडून किंवा कोणाकडे, कशाने आले वा पाठवले, थोडक्यात मजकूर, समोरच्याचा संदर्भ क्रमांक, आणि शेवटी ‘पुढील तारीख’. बहुतेक लोक पहिले सात रकाने नीट भरतात आणि आठवा मोकळा सोडतात, आणि प्रकरण गारठते ते तिथेच. प्रत्येक नोंदीपुढे, उत्तर आले नाही तर आपण केव्हा काय करणार, हे लिहिलेच पाहिजे. आमच्या वहीतली एक नोंद नमुन्यादाखल देतो:

‘क्र. १४. मंगळवार, ३ जून २०२५, सकाळी ११.२०. आवक, दूरध्वनी. कंपनीच्या ग्राहक कक्षातून. पहिले नाव सांगितले, आडनाव विचारूनही सांगितले नाही. फॉर्मवर सही असल्याने पॉलिसी रद्द होणार नाही, असे म्हणाले. तेच लेखी द्या म्हटल्यावर ईमेल येईल म्हणाले. फोन स्पीकरवर होता, मी हजर होतो. पुढील तारीख: १० जूनपर्यंत ईमेल न आल्यास स्मरणपत्र.’

यात कोणतेही विशेषण नाही, हे लक्षात घ्यावे. समोरचा माणूस उद्धट होता, ही माहिती वहीत लिहून काही हाती लागत नाही. तो नेमके काय म्हणाला, हे लिहिले तर लागते.

वहीतला अनुक्रमांक त्या त्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने लिहावा आणि कागद त्याच क्रमाने फाईलला लावावेत. मूळ कागदांची एक फाईल आणि झेरॉक्सची दुसरी, अशा दोन फाईली पुरतात. घराबाहेर जाते ती नेहमी झेरॉक्सची. आधार किंवा पॅनची प्रत द्यावी लागली तर तिच्यावर ‘केवळ अमुक पॉलिसीच्या तक्रारीसाठी’ असे आडवे लिहून तारखेसह सही करावी.

पत्र आणि त्याची पोच

पॉलिसी बँकेच्या शाखेतून विकली गेली असली तरी ती काढणारी विमा कंपनी वेगळी असते. त्यामुळे तक्रार विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला उद्देशून लिहावी, ज्याचा पत्ता बाँडमध्येच छापलेला असतो, आणि तिची प्रत शाखा व्यवस्थापकाला द्यावी. शाखेतला माणूस ‘आमचा संबंध नाही, कंपनीला विचारा’ म्हणतो आणि कंपनी ‘तुम्हाला बँकेने काय सांगितले ते आम्हाला ठाऊक नाही’ म्हणते. दोघांकडे एकाच मजकुराचे पत्र पोहोचलेले असेल तर हा चेंडू फार काळ टोलवता येत नाही. पत्र मराठीत लिहायला संकोच करू नये. उत्तर इंग्रजीत आले तर मूळ उत्तर तसेच फाईलला लावून त्याचा मराठी सारांश वेगळ्या कागदावर करावा.

पत्रावर वर उजवीकडे तारीख, त्याखाली तुमचा स्वतःचा जावक क्रमांक, मग पॉलिसी क्रमांक आणि विषय, आणि आधीचा पत्रव्यवहार असेल तर ‘संदर्भ’ या शीर्षकाखाली प्रत्येक पत्राची तारीख. खासगी माणसाने जावक क्रमांक घालणे काहींना आगाऊपणा वाटेल, पण त्यामुळे पुढच्या पत्रात ‘आमचे पत्र क्र. ३ पाहावे’ असे एका ओळीत सांगता येते, आणि वाचणाऱ्याला कळते की या घरात हिशेब ठेवला जातो. शेवटी ‘सोबत’ असे लिहून जोडलेल्या प्रत्येक कागदाचे नाव आणि पानांची संख्या द्यावी. मूळ बाँड परत करायची वेळ आलीच, तर आधी त्याच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स घ्यावी आणि ‘मूळ बाँड, इतकी पाने’ अशी स्वतंत्र पोच मागावी.

पोच हा शब्द आपण सहज वापरतो, पण ती पूर्ण असायला चार गोष्टी लागतात: कार्यालयाचा शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही आणि शक्य असेल तर आवक क्रमांक. शाखेत पत्र देताना दोन प्रती न्याव्यात आणि आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, जिला कार्यालयात ओसी म्हणतात, सही-शिक्का घ्यावा. घाईत मारलेल्या शिक्क्यात तारखेची जागा अनेकदा कोरी राहते किंवा चाक फिरवायचे राहून कालचीच तारीख उमटते. हे मी स्वतः कितीतरी वेळा केले आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो: खिडकीतून हलण्याआधी शिक्का वाचावा आणि तारीख चुकली असेल तर तिथल्या तिथे पेनने दुरुस्त करून त्यावर सही घ्यावी. ‘साहेब नाहीत, ठेवून जा, पोच नंतर देतो’ असे ऐकायला मिळाले तर वाद न घालता बाहेर पडावे, तेच पत्र त्याच दिवशी पोस्टाने पाठवावे आणि शाखेने पत्र घेतले नाही ही गोष्ट वेळेसह वहीत लिहावी.

पोस्टाने पाठवताना साधे टपाल किंवा गल्लीतले कुरिअर वापरू नये. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम २७ नुसार, बरोबर पत्ता घालून आणि टपालखर्च भरून रजिस्टर पोस्टाने पाठवलेले पत्र, एरवी जितक्या दिवसांत पोहोचते तितक्या दिवसांत पोहोचले असे, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन केली आहे, म्हणून खिडकीवर ‘स्पीड पोस्ट, नोंदणीसह’ असे स्पष्ट मागावे. मिळणाऱ्या पावतीवर दोन अक्षरे, नऊ आकडे आणि शेवटी ‘आयएन’ असा तेरा खुणांचा क्रमांक असतो. तो लगेच वहीत उतरवावा. पावतीची झेरॉक्स मात्र त्याच दिवशी काढावी, कारण ती उष्णतेने छापणाऱ्या कागदाची असते आणि उन्हाळाभर फाईलमध्ये राहिली की कोरी होते. आठवड्याने टपाल खात्याच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून ‘वितरित’ अशी नोंद दिसली की तिचा छापील कागद काढून पत्राला टाचावा. नंतर बघू म्हटले तर ती माहिती कायम तिथे राहत नाही.

पहिल्याच पत्रात काय मागावे

‘माझे पैसे परत द्या’ एवढेच लिहून थांबू नये. भरलेल्या प्रस्ताव अर्जाची पूर्ण प्रत, लाभांचे गणित दाखवणारा तक्ता (याला कंपन्या बेनिफिट इलस्ट्रेशन म्हणतात), विक्री करणाऱ्याचे नाव व सांकेतिक क्रमांक, पॉलिसी कोणत्या तारखेला कशाने पाठवली याचा पुरावा, आणि पॉलिसी देण्यापूर्वी खातरजमेसाठी फोन केला असल्यास त्याचे ध्वनिमुद्रण, एवढ्या गोष्टी नावानिशी मागाव्यात. कंपनीने त्या दिल्या तर तुमचे काम सोपे होते, आणि दिल्या नाहीत तर मागूनही दिल्या नाहीत ही गोष्ट तुमच्या पत्राच्या पोचेने सिद्ध होते.

आत्याच्या प्रस्ताव अर्जाची प्रत आली तेव्हा आम्ही ती चहा गार होईपर्यंत वाचत बसलो. मोबाईल क्रमांक तिचा होता, पण ईमेल पत्ता भलत्याच माणसाचा. आत्याला ईमेल म्हणजे काय हेही ठाऊक नाही. कंपनी मात्र ‘पॉलिसी ईमेलने पाठवली, फ्री-लुक संपला’ असे लिहीत होती. शेतीचे वार्षिक उत्पन्न प्रत्यक्षाच्या कितीतरी पट दाखवले होते, आणि व्यवसायाच्या रकान्यात शेतीऐवजी व्यापार होता. आणखी एक जागा बघावी: ग्राहकाने मराठीत सही केली असेल किंवा अंगठा दिला असेल, तर अर्जातला मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचे निवेदन तिथे असते आणि त्यावर समजावून सांगणाऱ्याची सही लागते. आत्याची सही मराठीत होती. निवेदनाखालची जागा रिकामी होती. हे सगळे मुद्दे दुसऱ्या पत्रात पान क्रमांकासह मांडले आणि पत्रव्यवहाराचा सूर तिथून बदलला.

बोललेले त्याच दिवशी लेखी

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत कामाची सवय हीच, आणि तिला दहा मिनिटे लागतात. तक्रार गेली की कंपनी लेखी उत्तर देण्याआधी फोन करते. फोनवरचा माणूस गोड बोलतो, मदतीचे आश्वासन देतो, आणि त्यातले काहीही कागदावर येत नाही. अशा प्रत्येक फोननंतर आणि शाखेतल्या प्रत्येक भेटीनंतर, त्याच दिवशी, कंपनीच्या तक्रारीच्या ईमेलवर चार ओळी पाठवाव्यात:

‘आज दि. ३ जून २०२५ रोजी सकाळी ११.२० वाजता आपल्या कार्यालयातून मला दूरध्वनी आला. अर्जावर सही असल्यामुळे पॉलिसी रद्द होणार नाही, असे मला सांगण्यात आले व ते लेखी कळवण्याचे मान्य करण्यात आले. वरील नोंदीत काही चूक असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे. माझी दि. १९ मे २०२५ ची तक्रार कायम आहे.’

शेवटचे वाक्य गाळू नये, कारण फोनवर समाधान झाले असे दाखवून तक्रार बंद केल्याच्या नोंदी पडतात. घरात ईमेल वापरणारे कोणी नसेल तर मुला-नातवंडांपैकी एकाचा पत्ता ठरवावा, तोच शेवटपर्यंत वापरावा आणि तो आपला अधिकृत पत्ता असल्याचे कंपनीला पत्राने कळवावे. दर वेळी वेगळ्या भाच्याच्या ईमेलवरून तक्रार गेली की कोणते उत्तर कुठे आले, हे शोधण्यातच महिना जातो.

तक्रार केल्यानंतर काही दिवसांतच दुसऱ्या प्रकारचे फोन सुरू होतात: ‘विमा प्राधिकरणातून बोलतो, तुमची पॉलिसी रद्द करून बोनससह रक्कम देतो, आधी अमुक रक्कम भरा.’ विमा नियामक असे फोन करत नाही, हे त्याने जाहीर सूचनांतून वारंवार सांगितले आहे. अशा माणसाला ओटीपी, खाते क्रमांक काहीही देऊ नये; त्याचा नंबर आणि वेळ तेवढी वहीत लिहावी.

मोबाईलमधला पुरावा

विक्री करणाऱ्याशी व्हॉट्सअॅपवर बोलणे झाले असेल तर तो संवाद पुसू नये, ‘आपोआप नाहीसे होणारे संदेश’ ही सोय बंद आहे ना ते पाहावे, आणि संपूर्ण संवाद एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावा. स्क्रीनशॉट काढताना माणसाच्या नावाऐवजी त्याचा मोबाईल क्रमांक आणि तारीख दिसेल असा काढावा. ‘बँकवाले साहेब’ असे नाव तुम्ही स्वतःच सेव्ह केलेले असते, त्याने काही सिद्ध होत नाही. सोयीचा एकच संदेश न देता मागचेपुढचे संदेशही द्यावेत. ईमेल मूळ स्वरूपातच पेटीत ठेवावा, फॉरवर्ड केलेल्या प्रतीवर विसंबू नये. कॉल लॉग काही काळाने आपोआप पुसला जातो, म्हणून त्याचाही स्क्रीनशॉट आठवड्याला एकदा घ्यावा.

फोन बदलायचा असेल तर प्रकरण संपेपर्यंत जुना फोन विकू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून देताना कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडण्याची तरतूद आहे. पूर्वी हेच ६५ब चे प्रमाणपत्र म्हणून ओळखले जात असे. त्याचा तपशील वेळ आल्यावर वकील पाहतील. आपले काम एवढेच की मूळ फाईल मूळ उपकरणात, नाव न बदलता, न कापता राहिली पाहिजे.

तारखांचे वेळापत्रक

वहीच्या शेवटच्या पानावर मुदतींचा तक्ता करावा. विमा कंपनीने तक्रारीचे निवारण १४ दिवसांत करणे अपेक्षित आहे. न झाल्यास नियामकाच्या बीमा भरोसा या पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते; तिथे मिळणारा टोकन क्रमांक वहीत लिहावा. कंपनीने तक्रार फेटाळली, दिलेले उत्तर पटले नाही, किंवा महिनाभरात उत्तरच दिले नाही, तर २०१७ च्या विमा लोकपाल नियमांनुसार लोकपालाकडे, म्हणजे विमाधारकांच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. कंपनीने फेटाळल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते, शुल्क नाही, वकीलही लागत नाही. सांगली आणि साताऱ्यासाठी विमा लोकपालांचे कार्यालय पुण्यात आहे. एकाच विषयावर ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून दोन दगडांवर पाय ठेवू नये.

बँकेच्या वर्तनाबद्दल वेगळी तक्रार करता येते. विमा किंवा फंडासारखी दुसऱ्याची योजना बँकेने चुकीची माहिती देऊन विकणे हा विषय १ जुलै २०१७ पासून बँकिंग लोकपालाच्या कक्षेत आला, आणि नोव्हेंबर २०२१ पासून या तक्रारी रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल व्यवस्थेकडे जातात. त्याआधी बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवस थांबावे लागते. इथेही ओसीवरची तारीखच उपयोगी पडते. म्युच्युअल फंडाच्या बाबतीत शेअर बाजार आणि फंडांची नियामक संस्था सेबी हिचे स्कोअर्स हे तक्रारींचे पोर्टल आहे, तिथे संबंधित संस्थेला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जायचे तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आयोग सांगलीतही आहे, साताऱ्यातही आहे.

या सर्व मुदती चालूच राहतात, समोरचा माणूस फोनवर ‘थोडे थांबा, साहेब रजेवर आहेत’ म्हणाला तरीही. पोर्टलवर तक्रार ‘बंद’ दिसू लागली तर त्या दिवशीच पडद्याचा फोटो आणि दिलेले उत्तर छापून ठेवावे, कारण पुढच्या मुदतीचे गणित तिथून सुरू होऊ शकते.

दुसरी प्रत, दुसऱ्या गावी

हा भाग सांगलीकरांना वेगळा समजावून सांगावा लागू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभागातल्या आमच्या घरात कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांतले सारे कागद लगदा झाले, त्यात माझ्या नोकरीचे कागदही होते. तेव्हापासून प्रत्येक महत्त्वाच्या फाईलची एक झेरॉक्स प्रत विट्याला बहिणीकडे असते, आणि फोनने काढलेले फोटो ईमेलमध्ये. आत्याच्या प्रकरणातही महिन्यातून एकदा वहीच्या नव्या पानांचे फोटो काढून पाठवत असू. मूळ फाईल माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पेटीत.

पैसे परत येताना

कंपनी नमते तेव्हा बहुधा एक छापील कागद सहीसाठी पाठवते, त्यात ‘संपूर्ण व अंतिम तडजोड’ असे काहीतरी असते. त्यावर सही करण्यास हरकत नाही, पण रक्कम किती, कोणत्या खात्यात आणि किती दिवसांत, हे त्या कागदावर आकड्यात लिहिलेले आहे का ते पाहावे, कोऱ्या जागी सही करू नये, आणि सही केलेल्या प्रतीची झेरॉक्स घेतल्याशिवाय तो कागद हातातून सोडू नये. रक्कम जमा झाली की पासबुक भरून घ्यावे, त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) वहीत लिहावा आणि पॉलिसी रद्द झाल्याचे पत्र वेगळे मागावे. पैसे आले म्हणजे पॉलिसी रद्द झाली असे धरून चालू नये.

त्यानंतरचे एक पत्र बहुतेक जण विसरतात. पॉलिसी काढताना हप्ता खात्यातून आपोआप वळता होण्याची संमतीही घेतलेली असते, आणि ती बँकेत स्वतंत्रपणे नोंदलेली राहते. ती रद्द करण्याचा अर्ज शाखेत देऊन त्याचीही सही-शिक्क्यासह पोच घ्यावी. आत्याच्या वहीत रक्कम परत मिळाल्याची नोंद क्रमांक ३७ आहे. क्रमांक ३८ त्यानंतर पाच आठवड्यांनी पडला: रद्द झालेल्या पॉलिसीच्या हप्त्यासाठी खात्यातून रक्कम वळती करण्याचा प्रयत्न झाल्याचा संदेश. क्रमांक ३९ ला आम्ही शाखेत गेलो, आणि सोबत फक्त वही आणि तो अर्ज दिल्याची ओसी नेली.